एकोणचाळीस काचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीच्या गच्चीवरच्या म्हणून मी प्रयोगशाळेत ज्या बेचाळीस काचा दिल्या, त्यांतल्या एकोणचाळीस माझ्याच घराच्या गॅलरीतल्या होत्या.

काच म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती, बोटभर लांबीची. सुरतेतल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी चोवीस वर्षं तंत्रज्ञ आहे. आमच्या मॅडम परागकणांवर काम करतात. कुठल्या झाडाचे पराग हवेत कधी उडतात, कुणाला त्यांनी शिंका येतात, कुणाला दम लागतो, हा त्यांचा विषय. पण पराग गोळा करणं, वाळवणं, चाळणं, काचेवर बसवणं हे सगळं माझ्या हातचं. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात तेव्हा खाली जे दिसतं ते मी मांडलेलं असतं. त्यांनी माझ्या मांडणीवर कधी शंका घेतली नाही. घ्यावी असं मी काही केलंही नव्हतं, त्या हिवाळ्यापर्यंत.

एरंडीचं उदाहरण देतो, कारण पुढे तीच येणार आहे. एरंडीच्या तुऱ्यात नरफुलं खाली आणि मादीफुलं वर असतात. खालच्या कळ्या उमलायच्या बेतात असताना तुरा कापायचा. गुळगुळीत कागदावर पसरून बल्बच्या उबेत ठेवायचा. कळ्या फुटल्या की कागदावर पिवळी धूळ पडते. ती चाळायची, म्हणजे फुलांचा भुसा वर राहतो आणि नुसते पराग खाली उतरतात. मग ईथरने धुऊन त्यांचा तेलकटपणा काढायचा. शेवटी काचेवर गुलाबी रंगाच्या जेलीचा एक थेंब, त्यात सुईच्या टोकावर मावतील एवढे पराग, आणि वरून पातळ काच तिरपी टेकवत हळूच सोडायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. कडा नेलपॉलिशने बंद करायच्या.

नेलपॉलिश मी घराजवळच्या दुकानातून घेतो, बिनरंगी. दुकानदार दरवेळी हसतो. "काका, फिर से ट्रान्सपरंट? कभी लाल भी ले जाओ, आंटी खुश हो जाएगी." मीही हसतो. घरी कुणी नाही हे त्याला सांगायचं माझं राहूनच गेलं आहे. बायको मुलीला घेऊन नाशिकला माहेरी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. भांडण झालं नाही. मी बोलत नाही, हे तिचं म्हणणं होतं, आणि त्यावरही मी काही बोललो नाही.

या शहरात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. माझी मोठी बहीण, अक्का. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अक्काने मला वाढवलं, आणि लग्न होऊन नवऱ्यामागे सुरतेला आली तेव्हा मलाही सोबत आणलं. भावजी उधन्याला लूमवर होते. ते गेल्यावर अक्का डिंडोलीत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटी राहायची आणि साड्यांना लेस लावायची. सकाळी टेम्पोवाला साड्यांचं पोटलं टाकून जायचा, संध्याकाळी न्यायचा. दिवसभर दार उघडं, दारात मशीन, आणि जिन्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा. त्या जिन्यावर सगळे तिला अक्काच म्हणत, गुजराती बायकासुद्धा. माझी बारीक चाळणी फाटली तेव्हा तिने मला साडीच्या पडेल मालातला एक तलम तुकडा दिला होता. तो मी रिंगणात ताणून बसवला. पराग त्यातून असे सुरेख उतरायचे की मॅडमनी नवी चाळणी मागवलीच नाही.

तिला दम लागायला लागला त्याला दोन वर्षं झाली असतील. आधी जिन्यावर, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी हातावर टोचून चाचणी केली. थेंबाथेंबाने वेगवेगळ्या झाडांचे अर्क टोचतात आणि कुठे गांधी उठते ते बघतात. अक्काच्या हातावर एरंडीच्या जागी रुपयाएवढी गांधी उठली. तिला ते फार लागलं, पण तिच्या पद्धतीने.

"एरंडेल पाजी पाजी मोठा करा तुले," ती मला म्हणाली, "आन आते तीच एरंडी मना छातीवर बठनी का?"

घराजवळ एरंडी आहे का, डॉक्टरांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. तिच्या खोलीमागे उंच भिंत होती, भिंतीवर पत्रे, पलीकडे खाडी. मी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "भाई, सहा आठवडे बेनच्या गच्चीवर काच ठेवा. रोज बदला. हवेत किती आहे ते तरी कळेल. मला कामाला येईल, डॉक्टरला कामाला येईल."

काचेवर व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा, छोट्या पत्र्याच्या आडोशाखाली ठेवायची, चोवीस तासांनी उचलून दुसरी ठेवायची. हवेतून जे येतं ते तिच्यावर चिकटतं. पहिल्या दिवशी मी आडोसा घेऊन गेलो तेव्हा अक्काने मशीन थांबवलं.

"हाई काय शे?"

"हवा बघायची काच."

"हवाले बी चष्मा लावतस का रे तुम्ही?"

पुढचे तीन दिवस मी काच बदलायला गेलो. तिसऱ्या दिवशी गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. भिंतीपलीकडे खाडीच्या काठाने एरंडीची रांग होती, माणसाहून उंच, तुऱ्यांनी भरलेली. वारा तिकडूनच येत होता. अक्काच्या झरोक्याची दिशाही तीच.

मी वळलो तर अक्का गच्चीच्या दारात उभी. हातात ताटली, ताटलीत भाकरी आणि ठेचा. एक मजला चढून आली होती आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती बसली. बोलता येईपर्यंत मी वाट पाहिली.

"तिना फोन उना का?" माझ्या बायकोबद्दल.

"नाही."

"मंग तू कर ना. फोन कराले लाज वाटस का? पोर मोठी व्हई गई. तिले बाप शे का नही, कसं समजी?"

मी भाकरी खाल्ली. मागे एरंडी आहे आणि रविवारी कोयता आणून कापतो, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, बरं. मग पुन्हा, "फोन कर बरं का." उतरताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि प्रत्येक पायरीला तो जड होत होता.

चौथ्या दिवशी मी गेलो नाही. कारण शोधलं तर एवढंच सापडतं की तिने चढून येऊ नये असं मला वाटत होतं, आणि तिने विचारू नये असंही. दोन्हींतलं खरं कुठलं हे मला तेव्हा ठरवायचं नव्हतं. मी काच माझ्या गॅलरीत ठेवली. डिंडोलीपासून लांब, पर्वत पाटिया भागात चौथ्या मजल्यावर राहतो मी. म्हटलं, एक दिवस. मग दुसरा दिवस. काचेच्या कोपऱ्यावर हिऱ्याच्या लेखणीने अक्काच्या घराची खूण आणि तारीख कोरायची, ती मी कोरत राहिलो. आश्चर्य याचं वाटतं की लबाडीसुद्धा मी नीट केली. रोज ठरल्या वेळी काच बदलली, एकही दिवस चुकवला नाही. व्हॅसलीनचा थर सारखा, जेलीत बुडबुडा नाही. एकोणचाळीस दिवस एवढ्या निष्ठेने मी दुसरं काहीच केलेलं नाही.

अक्काला फोनवर सांगितलं, "मी सकाळी लवकर येऊन काच बदलून जातो. तुला उठवत नाही."

"बरं," ती म्हणाली.

"आणि एरंडी कापली," मी म्हणालो. रविवार होऊन गेला होता. कोयता मी विकतही घेतला होता, तो दाराशी पिशवीत होता. कापली म्हटलं म्हणजे पुढच्या रविवारी कापायचीच आहे, असा माझा हिशेब.

सहा आठवड्यांनी मॅडमनी काचा बघितल्या. मी शेजारी उभा राहून एकेक पुढे करत होतो. पहिल्या तीन काचांवर एरंडी खच्चून होती. अंडाकृती, तीन चिरांचे कण, जेलीने गुलाबी झालेले, इतके की मोजताना मॅडमची बोटं दमली. चौथी काच ठेवली. धूर, कापडाची तुसं, थोडं गवत, कुठे सुरूच्या झाडाचा एखादा कण. एरंडी नाही. पाचवी, सहावी, तसंच. मॅडमनी डोळा काढला.

"भाई, आ केम? तीन दिवस एवढी, आणि मग शून्य?"

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. त्या चिडल्या असत्या, पण तोडून टाकणाऱ्यातल्या नाहीत त्या. काम पुन्हा करा म्हणाल्या असत्या, एवढंच.

"कापली," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी मीच कापली, मॅडम."

"सारुं कर्युं," त्या म्हणाल्या. "आता बेनला आराम पडायला हवा."

त्यांनी तसं लिहून दिलं. कागद घेऊन मीच डॉक्टरांकडे गेलो, अक्काला घेऊन. डॉक्टरांनी वाचलं, तिच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. दम होता तसाच होता, किंवा थोडा जास्त. ते म्हणाले, एरंडी हवेतून जाऊन महिना उलटला तरी फरक नाही, म्हणजे कारण दुसरं दिसतंय. दिवसभर काय करता? अक्काने सांगितलं. साड्या, लेस, तुसं. डॉक्टरांनी मान हलवली. हे काम सोडा, म्हणाले.

तिथे मी खुर्चीत बसलो होतो. माझ्या उजव्या गुडघ्यावर तिची पिशवी होती. मी पिशवीच्या बंदाशी खेळत राहिलो.

रिक्षात ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "इतला वरीस जेन्हावर जगनू, तेच बाधनं." मी रिक्षावाल्याला म्हणालो, पुढून डावीकडे घ्या.

काम सुटलं आणि दारातलं मशीन गेलं. दार लावून बसायला लागली ती, कुणाशी बोलायचं तर बोलायला हातात काही लागतं. दोन महिन्यांनी दिराने निरोप धाडला, गावी ये, इथे एका माणसाची भाकरी जड नाही. अमळनेरकडचं गाव. ती तयार झाली. मी म्हणू शकलो असतो, माझ्याकडे ये. तिने विचारलं असतं, आणि रोज विचारलं असतं. मी म्हणालो नाही.

उधना स्टेशनवर तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीशी बसली, पाण्याची बाटली मांडीवर. गाडी सुटायला वेळ होता. तिने मला जवळ बोलावलं, खिडकीच्या गजाला कान लागेल इतकं.

"भाऊ, काच बदलाले तू तीनच दिन उना व्हता."

मी गजातून हात घालून बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"जिना मना दारवरूनच जास ना. आन मी पहाटे जागीच ऱ्हास. झोपू कशी, आडवं पडं का दम लागस. दार उघडं ठी बसू." तिने श्वास घेतला. "मी कोनले सांगं नही. तुना मॅडमले समजतं ते तुनी नोकरी जाती. तू टेन्शन नको घेऊ."

ती रोज पहाटे दारात बसून मी येतो का ते बघत होती, आणि मी येत नाही हे तिने माझ्यासाठी लपवून ठेवलं होतं. त्या काचांवरून तिचं काम गेलं, हे तिच्या गावीही नव्हतं. काच चुकवली म्हणजे माझी हजेरी चुकली, असं तिला वाटत होतं. गाडी हलली तेव्हाही ती हाताने खूण करत होती. फोनची खूण. बायकोला फोन कर.

पुढच्या रविवारी मी डिंडोलीला गेलो. अक्काच्या खोलीत नवं बिऱ्हाड यायचं होतं, किल्ली घरमालकाला द्यायची होती. खोली झाडून घेतली. मग झरोक्याच्या चौकटीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलली आणि काचेवर लावून प्रयोगशाळेत नेली. सुट्टी होती, विभागात कुणी नव्हतं. गुलाबी जेली कोमट केली. खाली पाहिलं. एरंडी, एरंडी, एरंडी. मोजायची गरज नव्हती. जवळच्या कपाटात एरंडीची नमुन्याची काच होती, कधीकाळी मीच बनवलेली, अक्काच्या साडीच्या तुकड्यातून चाळलेली. पडताळायला दोन्ही शेजारी ठेवल्या. मग खुर्ची मागे सरकवून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिलो. वॉचमन येऊन म्हणाला, साहेब, पंखा बंद करायचा का. मी म्हणालो, कर.

त्यानंतर मी एरंडी कापली. खाडीच्या काठाने फिरून गेलो, कोयता होताच. सगळी रांग आडवी केली. नाकातोंडात पिवळी धूळ गेली आणि मला काहीही झालं नाही. एरंडी बुडख्यापासून पुन्हा फुटते, म्हणून मी दीडदोन महिन्यांनी जातो. नव्या बिऱ्हाडातली बाई कोयत्याचा आवाज ऐकून झरोक्यातून ओरडून विचारते, "म्युनिसिपालिटीवाले हो क्या? गटर भी साफ करवा दो." मी हो म्हणतो. गटाराचं सांगतो म्हणतो.

मॅडमच्या लाकडी पेटीत त्या बेचाळीस काचा अजून आहेत, खाचांत उभ्या. वर अक्काच्या मोहल्ल्याचं नाव, माझ्या अक्षरात. पेटी उघडावी लागते तेव्हा मी तो कप्पा न बघता पुढचा ओढतो.

मागच्या आठवड्यात अक्काचा फोन आला. आधी तिचा श्वास आला, मग आवाज. बरं शे, म्हणाली. गुडघे दुखतात, म्हणून दीर रोज एरंडीची पानं तोडून आणून देतो, ती चुलीवर गरम करून बांधते. "आंगनमाच शे ना एरंडी, मी तठेच खाट टाकस. सावली पडस." आणि हसून म्हणाली, "बिचारीवर उगाच आळ घेता आपण. ती ते निर्दोष निंघनी."

मी विचारलं, "दम?"

"ऱ्हास थोडा. इतला वरीसनी तुसं छातीमा, एकदम कशी जाई?"

मी म्हणालो, जप. तिने विचारलं, तिना फोन उना का. मी म्हणालो, नाही. तिकडे कोंबडं ओरडत होतं आणि मधेमधे तिचा श्वास वाजत होता. खाट तिथून हलव, एवढं म्हणायला दोन क्षण पुरले असते. पण खाट हलव म्हटलं की ती विचारेल, काबर? काबरचं उत्तर द्यायला मी अजून तयार नव्हतो. ठेवतो, म्हणालो.

म्हणून हे लिहायला बसलो. लिहिताना बरं वाटलं, ते कबूल करतो. पण अक्काला वाचता येत नाही, आणि तिची खाट आजही एरंडीखाली आहे. तिला फोन करून माझ्या तोंडाने सांगायचं आहे की एरंडी मी कापली नव्हती, काचा तुझ्या गच्चीवरच्या नव्हत्या, तुझ्या हातच्या कामाने तुला काही केलं नाही, खाट उचल. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.